गौरेतर पुरुषांचे मानसिक आरोग्य आणि डिझाइन : पोस्टरच्या आधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न : मी मूळची पुण्याची असून सध्या बर्मिंगहॅममध्ये दृश्यसंवाद या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अंतिम प्रकल्प म्हणून ब्रिटनमधील कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई पुरुषांमध्ये मानसिक आरोग्याविषयी जागृती करणारी पोस्टरमालिका करण्याचा माझा विचार आहे. रंग, चित्रे आणि मजकूर यांची निवड कशी करावी? आणि मी स्वतः या पुरुषांपैकी नसताना हे काम हाती घ्यावे का?

उत्तर : रंग, चित्रे आणि मजकूर यांविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे. परंतु त्याआधी ‘जागृती’ या उद्दिष्टाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तेथे दिशा चुकली तर पुढची मांडणी कितीही देखणी असली तरी उपयोगी पडत नाही. जागृतीच्या मोहिमा बहुधा असे गृहीत धरतात की समोरच्या माणसाला माहिती नाही आणि ती मिळाली की तो मदत घ्यायला आपण होऊन येईल. इंग्लंडमध्ये आरोग्यसंवादाचे काम करताना कृष्णवर्णीय पुरुषांशी जे बोलणे होत आले आहे, त्यावरून हे गृहीतक त्यांना लागू पडत नाही असे माझे ठाम मत झाले आहे. मानसोपचाराच्या सेवा उपलब्ध आहेत हे त्यांना ठाऊक असते. त्या सेवांत गेल्यावर आपल्या भावाचे, काकांचे किंवा शेजारच्या मुलाचे काय झाले हेही ठाऊक असते, आणि म्हणूनच ते लांब राहतात. उणीव आहे ती विश्वासाची, आणि विश्वासाच्या उणिवेवर माहितीचे पोस्टर हा फार दुबळा उपाय आहे.

काही आकडे पाहा. २०१४ च्या प्रौढांच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात इंग्लंडमधील कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ३.२ टक्के जणांमध्ये सायकोसिससारखा (वास्तवाचे भान सुटणारा) गंभीर विकार आढळला, तर गौरवर्णीय पुरुषांत हे प्रमाण ०.३ टक्के होते. सर्वेक्षणातील कृष्णवर्णीय पुरुषांची संख्या लहान असल्यामुळे हा आकडा मोठ्या अक्षरांत पोस्टरवर छापण्याजोगा नाही, पण फरकाची दिशा इतर अभ्यासांशी जुळते. त्याच सर्वेक्षणात मानसिक त्रासावर उपचार घेत असलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांचे प्रमाण गौर ब्रिटिशांच्या सुमारे निम्मे होते. दुसरीकडे, मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवले जाण्याचे कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०२२-२३ या वर्षात गौरवर्णीयांच्या सुमारे साडेतीनपट होते. म्हणजे जेथे त्रास अधिक आहे तेथेच आपखुशीने घेतलेले उपचार कमी आहेत आणि बळजबरीने दिलेले उपचार अधिक आहेत.

ही स्थिती कशी टिकून राहते याचे नेमके वर्णन सेन्सबरी सेंटर फॉर मेंटल हेल्थ या संस्थेने २००२ मध्ये ‘भीतीची वर्तुळे’ या संकल्पनेतून केले. सेवांविषयी भीती असल्याने माणूस वेळेवर जात नाही. त्रास हाताबाहेर गेल्यावर कुटुंब किंवा पोलीस त्याला नेतात. तोपर्यंत अवस्था गंभीर झालेली असल्याने बळाचा वापर, बंदिस्त कक्ष आणि औषधांच्या जड मात्रा यांनाच त्याला सामोरे जावे लागते. हा अनुभव पाहिलेले दहा जण आणखी लांब राहतात. कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही तसेच घडते. त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय पुरुष बहुतेक वेळा संकटाच्या टोकालाच येतो, म्हणून तो धोकादायकच असतो अशी त्यांची समजूत पक्की होत जाते. तुमच्या प्रकल्पाने या वर्तुळात नेमक्या कोणत्या ठिकाणी शिरायचे आहे, हा तुमचा पहिला निर्णय असायला हवा.

या भीतीला नावे आहेत. डेव्हिड बेनेट हे जमैकन वंशाचे ३८ वर्षांचे गृहस्थ १९९८ मध्ये नॉरिच येथील मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांनी जमिनीवर दाबून धरलेले असताना मरण पावले. त्या संध्याकाळी दुसऱ्या एका रुग्णाने त्यांना वर्णद्वेषी शिवीगाळ केली होती. ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण २०१० मध्ये लंडनच्या एका मनोरुग्णालयात स्वतःहून उपचारांसाठी दाखल झाला होता आणि पोलिसांनी दीर्घकाळ दाबून धरल्यानंतर त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी चिकाटीने चालवलेल्या लढ्यातून २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतील बळाच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. ज्या समाजात ही नावे घराघरांत माहीत आहेत, तेथे ‘मनातले बोला, मदत मागा’ असे सांगणारे पोस्टर लावणाऱ्याला साहजिकच एक प्रश्न विचारला जातो : ओलासेनीने मदत मागितलीच होती, मग त्याचे काय झाले? या प्रश्नाला तुमच्या डिझाइनपाशी उत्तर असले पाहिजे. ते उत्तर घोषवाक्यात मावणारे नाही. कोणाकडे जायचे, तेथे कोण भेटेल, दार आतून बंद होणार का, आणि नको वाटले तर उठून निघता येईल का, या गोष्टी खऱ्या असल्या आणि स्पष्ट सांगितल्या तरच ते उत्तर तयार होते.

अमेरिकेतील एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी अभ्यासायला सांगतो. तो रक्तदाबाविषयीचा आहे, मानसिक आरोग्याविषयीचा नाही, परंतु आपल्या प्रश्नाचे मर्म त्यातून चांगले उलगडते. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांतील ३१९ पुरुष गिऱ्हाइकांना घेऊन केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात बार्बर गिऱ्हाइकांना आहार-व्यायामाविषयी सांगत आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करत. दुसऱ्या गटात बार्बर गिऱ्हाइकाची ओळख दुकानातच नियमित येणाऱ्या औषधतज्ज्ञाशी करून देत, आणि तो डॉक्टरांच्या संमतीने तेथेच औषध सुरू करून पुढचा पाठपुरावाही तेथेच करी. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा रक्तदाब सरासरी ९.३ ने, तर दुसऱ्या गटात २७ ने उतरला. दोन्ही गटांत ओळखीचा, विश्वासाचा माणूसच बोलत होता आणि दोन्ही गटांना माहिती मिळत होती. फरक पडला तो सेवा माणसाच्या जागेपर्यंत आल्यामुळे आणि त्या सेवेची हमी त्याच्या ओळखीच्या माणसाने घेतल्यामुळे.

डिझाइनरसाठी याचा अर्थ काय? तुम्ही आखत असलेली गोष्ट म्हणजे एक संपूर्ण वाट आहे आणि कागद हा त्या वाटेवरचा केवळ एक टप्पा आहे. माणूस खुर्चीत बसल्यापासून एखाद्या समुपदेशकासमोर पहिल्यांदा बसेपर्यंत त्याला काय दिसते, काय ऐकू येते, कोणते प्रश्न विचारले जातात, अर्ज किती पानांचा आहे, वाट पाहण्याच्या खोलीत कोणाची छायाचित्रे आहेत, स्वागतकक्षातील व्यक्ती त्याच्या नावाचा उच्चार विचारून घेते की टाळते, हे सगळे डिझाइनच्या कक्षेत येते. पोस्टर उत्तम असून पुढचा टप्पा तुटलेला असेल, तर पोस्टर नसते तर बरे झाले असते असे मी म्हणेन. विश्वास ठेवून आलेला माणूस परत फिरला की तो एकटा फिरत नाही.

केशकर्तनालयांचा उपयोग मानसिक आरोग्यासाठीही होत आहे. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातून सुरू झालेला ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ बार्बरना ऐकून घेण्याचे आणि पुढे पाठवण्याचे प्रशिक्षण देतो, आणि ब्रिटनमध्ये ‘द लायन्स बार्बर कलेक्टिव्ह’ ही संस्था २०१५ पासून याच धर्तीवर आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करते, जरी तिचा रोख केवळ कृष्णवर्णीयांवर नाही. अशा ठिकाणी काम करताना त्या जागेची रीत ओळखून वस्तू घडवावी लागते. दर्शनी काचेवर मोठे पोस्टर लावले तर दुकानाला दवाखान्याची कळा येते आणि मालकाला ते नको असते, ते योग्यही आहे. आरशाच्या कडेला लावलेली बोटभर पट्टी मात्र माणूस खुर्चीत बसल्या बसल्या, कोणालाही न कळता, सावकाश वाचू शकतो. खिशात मावणारे, भेटीच्या वेळेच्या कार्डासारखे दिसणारे कार्ड स्वच्छतागृहात ठेवले की ते संपते, गल्ल्यावर ठेवले की तसेच पडून राहते, हे मी अनेक दुकानांत पाहिले आहे. कारण साधे आहे : गल्ल्यावर सगळ्यांचे डोळे असतात. आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. बार्बरला आपण विनावेतन समुपदेशक करून टाकता कामा नये. त्याच्या हाती एक पान असावे, ज्यावर कोणत्या वेळी काय म्हणायचे, कोणत्या वेळी लगेच फोन करायचा आणि त्याला स्वतःला जड वाटले तर त्याने कोणाशी बोलायचे हे लिहिलेले असावे. ते पान घडवणे हे पोस्टर घडवण्यापेक्षा अवघड आणि माझ्या मते अधिक मोलाचे काम आहे.

आता चित्रांकडे येतो. येथे इतिहास जाणून घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नये असा माझा आग्रह आहे, कारण कृष्णवर्णीय पुरुष आणि मनोविकार यांचे दृश्य नाते आपल्या आधी पुष्कळांनी रंगवून ठेवले आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मानसिक रोग ठरवले होते. १९७४ मध्ये हॅल्डॉल या औषधाची एक जाहिरात मानसोपचाराच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापली गेली. तीत शहरी पार्श्वभूमीवर मूठ उगारलेला, संतप्त कृष्णवर्णीय पुरुष दाखवला होता आणि माणूस आक्रमक व भांडखोर असेल तर या औषधाने सहकार्य सुरू होते अशा आशयाचा मजकूर होता. उगारलेली मूठ ही त्या काळात नागरी हक्क आणि कृष्णवर्णीयांच्या अस्मितेची खूण होती. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे निदान त्या दशकांत कृष्णवर्णीय पुरुषांना कसे चिकटत गेले याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांनी ही जाहिरात पुन्हा चर्चेत आणली. ती एखाद्या कलादिग्दर्शकाने, छायाचित्रकाराने किंवा चित्रकाराने आणि अक्षरमांडणीकाराने मिळून घडवलेली असणार. म्हणजे आपल्याच व्यवसायाने ते केले.

त्यामुळे अंधारातील आकृती, डोक्यावर ओढलेले हूड, पाठमोरा माणूस, सावलीत अर्धा बुडालेला चेहरा या प्रतिमा तुम्ही सरसकट टाळाव्यात. गौरवर्णीय पुरुषाच्या बाबतीत त्या एकाकीपण सुचवत असतील, पण कृष्णवर्णीय पुरुषाच्या बाबतीत बघणाऱ्याच्या मनात आधी गुन्ह्याची बातमी उभी राहते, कारण त्याच प्रतिमा तेथे वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या आहेत. डोके दोन्ही हातांत धरून बसलेल्या माणसाचे छायाचित्रही टाळा. ‘माइंड’ आणि ‘रीथिंक मेंटल इलनेस’ या संस्थांनी २००७ ते २०२१ या काळात चालवलेल्या ‘टाइम टू चेंज’ मोहिमेने वृत्तपत्रांना ही प्रतिमा सोडण्याचे आवाहन केले होते आणि पर्यायी छायाचित्रे मोफत उपलब्ध करून दिली होती. डोके धरून बसलेला माणूस वाचकाला सांगतो की त्रास म्हणजे हे. मग जो माणूस रोज कामावर जातो, हसतो, बिले भरतो आणि रात्री तीनला जागा असतो, त्याला वाटते की हे आपल्याबद्दल नाही.

मग काय दाखवावे? चेहरा उजेडात असलेला, काहीतरी करत असलेला आणि शक्यतो दुसऱ्या माणसासोबत असलेला पुरुष. वयाने मोठे पुरुष दाखवा, कारण मोहिमांत बहुधा पंचविशीतले देखणे तरुणच दिसतात आणि साठीचे निवृत्त बसचालक कुठेच दिसत नाहीत. आणि येथे तांत्रिक बाब आड येते, जिच्याविषयी शिक्षणसंस्थांत पुरेसे शिकवले जात नाही. विसाव्या शतकात रंगीत फिल्म आणि प्रिंट यांचा समतोल गौरवर्णीय स्त्रीच्या छायाचित्राच्या नमुनाकार्डावर साधला जात असे, म्हणून गडद त्वचेचे तपशील हरवत आणि चेहऱ्यावर केवळ डोळे व दात उरत. आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले असले तरी छपाईत तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने येतो. चकाकी नसलेल्या कागदावर शाईचे ठिपके पसरतात, गडद भाग आणखी गडद होतात, आणि पडद्यावरील रंगांचे छपाईच्या शाईंत रूपांतर करताना काळ्या शाईचे प्रमाण जास्त ठेवले तर त्वचा राखाडी, निर्जीव दिसते. म्हणून छायाचित्र घेताना बाजूने येणारा मोठा, मऊ प्रकाश वापरा, त्वचेवरची चमक पुसून टाकू नका, कारण गडद त्वचेचा आकार त्या चमकेतूनच कळतो, आणि छपाईसाठी रूपांतर करताना सावलीतील काळी शाई कमी करून तेथे उबदार रंगांना जागा द्या. पडद्यावर पाहून मान्यता देऊ नका. ज्या कागदावर अंतिम छपाई होणार आहे त्याच कागदावर नमुना काढून, ज्याचे छायाचित्र आहे त्याला तो दाखवा. आपला चेहरा कागदावर नीट उमटला आहे, हे पाहून त्याला जो आदर जाणवतो तो मोहिमेचाच भाग आहे.

रंगांविषयी फार सांगण्यासारखे नाही. उदास निळा आणि आश्वासक फिका हिरवा या दोन्हींनी रुग्णालयाची आठवण येते, म्हणून मी ते वापरत नाही. आफ्रिकी विणकामाचे नक्षीपट्टे किंवा लाल-हिरवा-पिवळा ध्वजरंग केवळ ‘समाजाचे’ म्हणून लावणे हे वरवरचे आहे. नायजेरियन वंशाचा हिशेबनीस आणि जमैकन आजोबांचा नातू यांना एकाच नक्षीत बांधता येत नाही.

अक्षरांबाबत मात्र तुमच्यासमोर एक समृद्ध परंपरा आहे आणि तिच्याकडे तुम्ही अवश्य वळावे. फेब्रुवारी १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात इकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून मरण पावले आणि त्यानंतर सुमारे १३०० कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातील पांढऱ्या फलकांवर मोठ्या काळ्या अक्षरांत एवढेच होते की मी माणूस आहे, आणि त्यातील ‘आहे’ या अर्थाच्या शब्दाखाली रेघ मारलेली होती. त्या फलकांत चित्र नाही, रंग नाही, याचना नाही. ट्रे सील्स या कृष्णवर्णीय अमेरिकन अक्षरकाराने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘व्होकल टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेतून (फाउंड्रीतून) त्या फलकांवर आधारित ‘मार्टिन’ नावाचा टंक आणला. तो उचलून तसाच वापरा असे मी सुचवत नाही. त्या फलकाकडून शिकण्यासारखे हे आहे की दुःखात असलेल्या पुरुषालाही प्रतिष्ठेच्या सुरात बोलू देता येते. मानसिक आरोग्याच्या बहुतेक छापील साहित्याचा सूर कीव करणारा असतो, आणि ज्याने आयुष्यभर बाहेरच्यांची कीव किंवा भीती यांपैकी काहीतरी झेलले आहे, तो त्या सुराला प्रतिसाद देत नाही.

मजकुरात ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द मथळ्यात न घालता सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. पुरुष, विशेषतः दक्षिण आशियाई पुरुष, त्रास सांगतात तो शरीराच्या भाषेत : झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, पोट बिघडलेले असते, मुलांवर विनाकारण ओरडलो. बेडफर्ड शहरातील पंजाबी कुटुंबांत दिल बुडाल्याच्या तक्रारीचा मानववंशशास्त्रीय अभ्यास १९८९ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणणारा माणूस हृदयाच्या डॉक्टरांकडेच आधी जातो. तेव्हा मथळा झोपेवर ठेवा, चिडण्यावर ठेवा, दारूच्या वाढलेल्या पेल्यांवर ठेवा, आणि दुसऱ्या ओळीत लगेच ठोस माहिती द्या : सेवा मोफत आहे का, पहिल्या भेटीत काय विचारतील, भेट किती वेळाची असेल, आपल्या वंशाचा किंवा आपली भाषा बोलणारा समुपदेशक मागता येतो का, आणि माहिती कोणाकोणाला कळते.

या शेवटच्या मुद्द्यावर विशेष काळजी घ्यावी लागते. ‘तुमची माहिती गुप्त राहील’ हे वाक्य सवयीने टाकले जाते. परंतु २०१७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेची माहिती सांभाळणारी यंत्रणा आणि गृहखाते यांच्यात एक करार लागू झाला होता, ज्याखाली परवान्याविना राहणाऱ्यांचा शोध घेण्यासाठी रुग्णांचे पत्ते दिले जात. तीव्र विरोधानंतर तो २०१८ मध्ये मागे घेण्यात आला, पण स्थलांतरितांच्या वस्त्यांत तो विसरला गेलेला नाही. शिवाय जिवाला धोका असेल तेव्हा गुप्ततेला कायदेशीर मर्यादा असतात. म्हणून ज्या सेवेचा पत्ता तुम्ही छापणार आहात तिच्या प्रमुखाकडून लेखी विचारून घ्या की माहिती कोणाला दिली जाते आणि केव्हा, आणि तेच साध्या शब्दांत छापा. मर्यादेसह सांगितलेले वचन सरसकट वचनापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्रकल्पाच्या कक्षेविषयीही एक आक्षेप नोंदवतो. कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई पुरुष यांना एकाच मालिकेत घेणे मला योग्य वाटत नाही. दोघांना वर्णद्वेष सोसावा लागतो हे खरे, परंतु व्यवस्थेशी असलेले त्यांचे नाते वेगळे आहे. कॅरिबियन वंशाच्या तरुणाला पोलिसांची आणि सक्तीने रुग्णालयात दाखल केले जाण्याची भीती प्रामुख्याने असते. पंजाबी किंवा बांगलादेशी कुटुंबातील पुरुषाला बिरादरीत नाव जाण्याची, मुलीच्या लग्नात अडचण येण्याची भीती मोठी असते. व्हिसावर आलेल्या मराठी संगणक अभियंत्याची काळजी नोकरी आणि निवासपरवाना यांभोवती फिरते, आणि तो भारतातील आईवडिलांना यातले काहीच सांगत नाही. आकडेही एकसारखे नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ ते २०१९ या काळातील नोंदींनुसार पुरुषांच्या आत्महत्यांचे प्रमाण गौरवर्णीय आणि मिश्रवंशीय गटांत इतर गटांपेक्षा अधिक होते. त्यामुळे आत्महत्येवर केंद्रित मोहीम उचलून ती कृष्णवर्णीयांसाठी वापरली तर ती त्यांच्या मुख्य प्रश्नाला, म्हणजे उशिरा आणि बळजबरीने मिळणाऱ्या उपचारांना, स्पर्शच करत नाही. मार्च २०१८ मध्ये लंडनमध्ये एका उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवर ८४ पुरुषाकृती उभ्या केल्या गेल्या होत्या, ब्रिटनमध्ये दर आठवड्याला आत्महत्या करणाऱ्या पुरुषांची संख्या दाखवण्यासाठी. ती प्रभावी दृश्यरचना होती आणि तिच्यामागे मृतांच्या कुटुंबांचा सहभाग होता. तरीही, हूड घातलेली आणि चेहरा न दिसणारी ती आकृती बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातील रस्त्यावर कशी वाचली जाईल याचा विचार करा, म्हणजे मी काय म्हणतो आहे ते स्पष्ट होईल.

दक्षिण आशियाई पुरुषांवर काम करायचे ठरवलेत तर जागा बदलतील : टॅक्सीचालकांची थांबण्याची ठिकाणे, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, गुरुद्वारातील लंगर, शनिवारचे क्रिकेट. रमजानचे वेळापत्रक महिनाभर घराच्या फ्रिजवर चिकटलेले असते, आणि त्या कागदावर मशिदीच्या समितीच्या संमतीने दिलेल्या दोन ओळी हजार पोस्टरांपेक्षा जास्त वेळा वाचल्या जातात. पंजाबी समाजात २०१७ पासून काम करणारी ‘तराकी’ ही संस्था पुरुषांसाठी बोलण्याच्या जागा कशा घडवते ते पाहण्यासारखे आहे. तुमच्याच शहरात तरुण कृष्णवर्णीय पुरुषांसाठी झालेल्या ‘शिफ्टिंग द डायल’ या उपक्रमात बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटर सहभागी होते. त्यात तरुणांनी स्वतः नाट्यातून मांडणी केली, म्हणजे संदेश घेणारे आणि घडवणारे तेच होते.

येथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येते. तुम्ही हे काम करावे का? करावे, पण लेखक म्हणून नव्हे, तर ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या हातात कौशल्य देणारी व्यक्ती म्हणून. बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवरच्या दोन-तीन केशकर्तनालयांत आधी केवळ बसायला जा, प्रकल्पाचा आराखडा न घेता. मग पाच-सहा पुरुषांचा गट जमवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, कारण आपल्या वेदनेविषयी विनामूल्य बोलायला लावणे हे शोषण आहे. शैक्षणिक प्रकल्पालाही अशा खर्चासाठी अनुदान मागता येते. शब्द कोणते, चेहरे कोणते आणि कोणती जागा वगळायची, यावर त्यांचा निर्णय अंतिम असेल असे लेखी ठरवा. ज्यांची छायाचित्रे घ्याल त्यांच्याशी करारात मुदत घाला आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क द्या. आज धैर्याने दिलेला चेहरा पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत आड येऊ शकतो. शक्य असेल तेथे रुग्णाऐवजी बार्बर, प्रशिक्षक, चर्चचे वडीलधारे यांचे चेहरे वापरा, म्हणजे कोणावरही विकाराचा शिक्का बसत नाही आणि हमी देणारा माणूस दिसतो.

मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. आत्महत्येचा उल्लेख येत असेल तर पद्धत, ठिकाण आणि एकच एक कारण सांगणे टाळावे. संकटकाळी फोन करण्यासाठी ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा मोफत, अहोरात्र क्रमांक आहे. तुमचे साहित्य भारतातील नातेवाइकांपर्यंत पोहोचणार असेल तर तेथे १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. दोन्ही एकाच ओळीत देऊ नका, घाबरलेला माणूस चुकीचा क्रमांक लावतो.

परीक्षकांना परिणाम दाखवताना किती जणांनी पाहिले हा आकडा पुढे करू नका. प्रत्येक जागेच्या कार्डावर वेगळी खूण किंवा वेगळा क्यूआर कोड ठेवा, म्हणजे कोणत्या दुकानातून किती जण पुढे गेले ते नावे न घेता कळते, आणि सेवेकडून एवढेच विचारा की आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या भेटीला आले. विश्वासाचे मोजमाप दुसऱ्या भेटीत होते. शिवाय प्रकल्पाच्या खर्चात आणि वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून देखभालीची तरतूद करा : प्रत्येक कार्डावर छपाईचा महिना आणि वर्ष टाका, क्रमांक चालू आहेत की नाही हे दर तीन महिन्यांनी स्वतः फोन लावून तपासण्याची जबाबदारी एका नावनिशीवार व्यक्तीकडे सोपवा, आणि तुमची पदवी पूर्ण झाल्यावर ती जबाबदारी कोणाकडे जाईल हे सादरीकरणाच्या आधी लेखी ठरवा. सेवा बंद पडली किंवा हलली तर जुनी कार्डे त्याच आठवड्यात उचलली गेली पाहिजेत.